बाबांचं देवबलोदा

माझे बाबा फार मोठ्यानं बोलत. पोलादाच्या प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे, आणि जिथे दिवसभर लोखंडावर लोखंड आपटतं तिथे हळू बोलणाऱ्याला लोक मुका समजतात, असं त्यांचं म्हणणं. ड्यूटीवरून येऊन सायकल भिंतीला टेकवली, की "शकू, पानी आन वं" ही त्यांची मला हाक चार क्वार्टर ओलांडून जायची. शेजारच्या सरदारीण काकू कधी कधी गंमत म्हणून आपल्याच अंगणातून "लाई भाईसाब" असं उत्तर द्यायच्या आणि दोन्ही घरं हसायची. मायला त्या आवाजाची लाज वाटे. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणायची, "हळू बोला ना जी, आपन काय वावरात उभे हाओत?" मला लहानपणी त्यात लाजण्यासारखं काही दिसत नसे. उलट बाबांचा आवाज आला, की घरात माणूस आलं असं वाटायचं.

मरोद्याकडे आमचा दोन खोल्यांचा क्वार्टर होता. पुढे अंगणात माय भेंडी आणि वांगी लावायची, मागे न्हाणीजवळ पपईचं एक झाड होतं आणि त्याला माझा धाकटा भाऊ विनू सतत लोंबकळत असायचा. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. घरी एकर-दीड एकर धानाची शेती आणि पाच भाऊ, म्हणून ते गाडीत बसून इकडे छत्तीसगढात आले आणि इकडचेच झाले. चौथी शिकलेले. सही करताना जीभ दाताखाली धरत. पण दगडांचं त्यांना वेड होतं. जुनं देऊळ, पडकी विहीर, एखाद्या तळ्याच्या पाळीवर शेंदूर फासून उभा केलेला भग्न वीर, काहीही असो, बाबा सायकलवरून उतरायचे, हात फिरवायचे, आणि मग आमच्याकडे वळून विचारायचे, "हे कोनं केलं असन, सांग बरं?"

देवबलोद्याचं देऊळ त्यांना धनीराम काकांनी दाखवलं. धनीराम काका बाबांच्याच शिफ्टमध्ये होते, त्या बाजूच्या एका खेड्यातले छत्तीसगढी शेतकरी. सडपातळ, कमी बोलणारे, मॅट्रिक झालेले. महाशिवरात्रीच्या मेळ्याला ते बाबांना घेऊन गेले, आणि त्या दिवशी बाबा घरी आले ते लग्नातून आल्यासारखे. पुढचे आठ दिवस मायला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. दगडाचे हत्ती, दगडाचे नाचणारे, अस्वलाची शिकार करणारे शिकारी, आणि इतकं सारं करून वर शिखरच नाही! "डोक्शावर टोपीच नाही वं त्याच्या," बाबा म्हणायचे, "कामगार काम टाकून गेला."

तेव्हापासून बाबांची सुट्टी आमच्या शाळेच्या सुट्टीला आली, की आम्ही निघायचो. प्लांटची सुट्टी रविवारीच येईल असा नेम नसे, त्यामुळे ती जुळून आली की सणासारखी वाटायची. नेहमी देवबलोद्यालाच जायचो असं नाही. कधी शिवनाथेवर आंघोळीला जायचो, कधी मरोद्याच्या मोठ्या तळ्यावर हिवाळ्यात येणारी बदकं बघायला, कधी नुसतीच बोरं वेचायला. पण देवबलोदा म्हणजे बाबांचं. पहाटेच्या थंडीत दोन सायकली निघायच्या. मी दांड्यावर, माय मागे कॅरियरवर, विनू धनीराम काकांच्या पुढे. कधी सरदार काका-काकू यायचे, कधी बाजूच्या ओळीतलं एखादं कुटुंब. रेल्वेचं फाटक लागलं की थांबायचं, मालगाडीचे डबे मोजायचे, आणि फाटक उघडलं की धान कापलेल्या बांध्यांमधून पुढे. त्या बांध्यांमध्ये तिवऱ्याच्या डाळीचं पीक उगवलेलं असायचं, आमच्याकडे भंडाऱ्याला त्याला लाखोळी म्हणतात. माय कॅरियरवरून उतरून त्याचे कोवळे शेंडे खुडून पदरात घ्यायची आणि म्हणायची, "माहेरी आल्यावानी वाटते."

देवळाजवळच्या झाडाखाली आमचा मुक्काम पडायचा. माय घरून कणीक तिंबून आणायची, बाबा पळसाची पानं तोडून आणायचे. त्या पानांत कणकेचे पानगे दाबून गोवऱ्यांच्या विस्तवावर ठेवले, की पानं करपल्याचा जो वास येई, तो मला आजही कुठे आला तर मी जागच्या जागी उभी राहते. धनीराम काका म्हणायचे, ही तर आमची अंगाकर. माय म्हणायची, नाही, हे पानगे. हा वाद कधी मिटला नाही आणि पानगे मात्र दोघंही सारखेच खायचे. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, मडक्यातलं पाणी.

आणि पानगे भाजून होईपर्यंत बाबांची गोष्ट. गोष्ट मुळात धनीराम काकांच्या गावाची होती, पण बाबांनी ती आपली करून टाकली होती. फार वर्षांपूर्वी एक सहा महिन्यांची रात्र पडली. त्या एका रात्रीत एका कारागिरानं हे देऊळ बांधायला घेतलं. तो कामात इतका बुडाला की त्याला अंगावरच्या कपड्यांचं भान राहिलं नाही, नागडाच काम करत राहिला. बायको रोज जेवण घेऊन यायची. एक दिवस बायकोऐवजी बहीण जेवण घेऊन निघाली. त्यानं वरून पाहिलं, बहीण येते आहे, आणि शरमेनं बाजूच्या कुंडात उडी टाकली. बहिणीनं ते पाहिलं, माझ्यामुळे भाऊ गेला म्हणून तिनं गावच्या तळ्यात उडी टाकली. देऊळ तसंच राहिलं, शिखराविना. कुंडाच्या तळाशी भुयार आहे आणि ते थेट दूरच्या आरंग गावापर्यंत जातं, असं सांगून बाबा विनूला कुंडाच्या पायरीवर कान लावायला सांगायचे. बहिणीच्या टोपलीत काय होतं, हे मात्र दर वेळी बदलायचं. मायनं भरीत केलं असेल तर भरीत असायचं, झुणका असेल तर झुणका.

गोष्ट संपली की ते भिंतीजवळ न्यायचे. "हे पाह्य, ह्या दोन दगडाच्या मंधात चुना नाही. आन् हा वरचा धोंडा पाह्य. किती टनाचा असन? माह्यी क्रेन असती त उचलला असता मी. त्याईनं कसा उचलला असन?" मग स्वतःच उत्तर शोधायचे, मातीचा उतार केला असेल, लाकडाचे ओंडके घातले असतील, बैल लावले असतील. पुढे तीसेक वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांना विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो, हे मला नोकरीच्या उत्तरार्धात कळलं.

कॉलेजसाठी मी दुर्गला जाऊ लागले आणि इतिहास घेतला. का घेतला, हे कोणी विचारलं असतं तर मी मॅडमचं नाव सांगितलं असतं. आमच्या मॅडम उंच होत्या, सुती साडी नेसत, आणि शब्द तोलून बोलत. त्या वर्गात आल्या की मी आपोआप ताठ बसायची. त्यांच्याकडून मला कळलं, की देवबलोद्याचं देऊळ कलचुरींच्या काळचं आहे. वर्गात आपल्या ओळखीच्या दगडांना राजघराण्याचं नाव मिळालेलं पाहून मला काय झालं ते सांगता येत नाही. वाटलं, इतकी वर्षं आपण काहीतरी वेगळंच, पोरकट पाहत होतो, आणि खरं देऊळ आता दिसलं. मी हळू बोलायला लागले ते त्याच सुमारास. घरी बाबांनी हाक मारली की मी मुद्दाम आत येऊन, जवळ उभी राहून, खालच्या आवाजात "काय?" म्हणायची.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात मॅडमनी वर्गाची सहल देवबलोद्याला न्यायची ठरवली. मी घरी सांगितलं. बाबांचा चेहरा असा फुलला, की माझ्या लक्षात आलं, यांना वाटतं आहे आपणही यायचं आहे. तेव्हाच मी सांगायला हवं होतं की बाबा, ही कॉलेजची सहल, तुम्ही नका येऊ. मी सांगितलं नाही. सांगितलं नाही कारण सांगायचा धीर झाला नाही, आणि मनात कुठेतरी वाटत होतं, त्यांना सुट्टी मिळणारच नाही. त्यांनी दुसऱ्या शिफ्टमधल्या एकाशी ड्यूटी बदलून घेतली. माय पहाटे उठून तीस-चाळीस माणसांची कणीक तिंबत बसली.

कॉलेजची बस पोचली तेव्हा बाबा आधीच तिथे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, आणि झाडाखाली विस्तव पेटवून तयार. "आव बेटा लोग, आव! इधर से आव, पायरी संभाल के!" तो आवाज देवळाच्या आवारात असा घुमला, की बसमधून उतरणाऱ्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी मॅडमना सांगितलं, हे माझे वडील. मॅडमनी नमस्कार केला. बाबांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि लगेच गोष्टीला सुरुवात केली.

त्यांची हिंदी मोडकी होती, मराठीच हिंदीचे कपडे घालून आल्यासारखी. "तो वो क्या हुआ, छे महिने की रात पड गयी." मागून एका मुलानं हळूच म्हटलं, "छे महिने की ड्यूटी, ओव्हरटाइम कितना मिला होगा?" हसू पसरलं. बाबांना वाटलं, गोष्ट आवडते आहे. ते आणखी रंगले. कारागीर नागडा काम करत होता हे त्यांनी आमच्यापुढे करायचे तशा हातवाऱ्यांनी सांगितलं, काल्पनिक छिन्नी चालवत, कमरेला काही नाही असं दाखवत. मुलींनी ओढण्यांत तोंडं लपवली. मुलं मोकळेपणानं हसली. मी मॅडमकडे पाहिलं नाही, मला वाटलं त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघवणार नाही. आज वाटतं, पाहायला हवं होतं.

"तो बहन टोकरी लेके आ रयी," बाबा म्हणाले, "टोकरी में क्या था मालूम? बैंगन का भरता..."

"बाबा, पुरे करा आता." मी मराठीत म्हणाले. मराठीत म्हटलं म्हणजे कोणाला कळणार नाही असं वाटलं. "असं काही नसते. सहा महिन्याची रात कधी असते का? हे कलचुरींचं मंदिर होय, राजाईनं बांधलं. तुमी चौथी शिकलेले, कावून आमाले शिकवून राहिले? माह्यी लाज जाऊन राहिली इथं."

बाबांचा हात टोपली धरल्यासारखा हवेत होता. तो त्यांनी हळूच खाली आणला. रागावले नाहीत. रागावले असते तर माझं पुढचं आयुष्य सोपं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखादं जड वजन उचलताना मधेच दोर सरकलेला दिसावा. मग दोन्ही हात पुढे बांधून बाजूला झाले आणि म्हणाले, "बरं बाई. मंग तू सांग."

आणि मी सांगितलं. घडाघडा सांगितलं. राजघराणं, शैली, मंडप, गाभारा. सगळं पाठ होतं. बाबा सगळ्यांच्या मागे उभे राहून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मी थांबल्यावर मॅडमनी मला शाबासकी दिली नाही. त्या सरळ बाबांकडे गेल्या, वही उघडली, आणि म्हणाल्या, "बाबूजी, फिर? बहन आई, उसके बाद क्या हुआ? मैं लिख रही हूँ, ये कहानी किताबों में नहीं मिलती."

बाबा म्हणाले, "मेरे को मालूम नई मॅडम. बिटिया को सब मालूम है."

मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. मग ते विस्तवाकडे गेले आणि पानगे उलटू लागले. त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाढलं, हसणाऱ्या मुलांनाही, त्यांना तर जास्तच. "और ले बेटा, भूखा मत रय." मुलं बोटं चाटत होती. मला वाढायला आले तेव्हा पानग्याचं करपलेलं पान त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, मला ते आवडत नाही हे त्यांना माहीत होतं.

परतताना रेल्वेच्या फाटकापाशी बस थांबली. बाबाही तिथेच थांबले होते, सायकलवर एक पाय टेकून, रिकाम्या पिशव्या हँडलला बांधलेल्या. बसमधल्या मुलांनी खिडकीतून हात हलवले, "बाबूजी, नमस्ते! बैंगन बहुत बढ़िया था!" बाबांनी हात हलवला आणि त्यांची नजर एकेका खिडकीवरून पुढे सरकत गेली. मी पलीकडच्या बाजूला बसले होते. दोन पावलं टाकून या बाजूला यायचं होतं. मी आले नाही.

घरी त्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. पाण्यासाठीची हाक तशीच मोठी राहिली, त्यामुळे मला वाटलं सगळं विसरले. पुढच्या सुट्टीला सरदार काकांनी विचारलं, चलना है क्या देवबलोदा? बाबा म्हणाले, "जाएंगे, पर सुनाएगी शकू. वो पढ़ी-लिखी है." मी अभ्यासाचं कारण सांगितलं. ते लोक जाऊन आले. नंतर विनूनं मला सांगितलं, की बाबा दिवसभर विस्तवाशीच बसून होते, आणि त्यानं स्वतः "गोष्ट सांगा" म्हणून हट्ट केला तेव्हा त्याला कुंडावर पाय धुवायला पाठवून दिलं. एक-दोन हिवाळ्यांत जाणंच थांबलं. सायकलीच्या जागी स्कूटर आली आणि स्कूटरवरून आम्ही बाजारात आणि लग्नांना जायचो.

मी शिकले, दुर्गच्याच एका शाळेत लागले, मोहन नगरात संसार थाटला. माझी मुलगी पाच-सहा वर्षांची असताना मी तिला घेऊन माहेरी गेले होते. बाबा निवृत्त झाले होते, ऐकू कमी येत होतं आणि त्यामुळे आवाज आणखी चढला होता. मी म्हणाले, "बाबा, हिले ती देवबलोद्याची गोष्ट सांगा ना. कारागिराची." इतक्या वर्षांनी मला वाटलं होतं, तेवढ्यानं भरून निघेल. बाबा नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी काही चुकीचं सांगून बसन. ते शाळेत बोलली त मास्तर हसतीन तिले. तूच सांग." त्या बोलण्यात टोमणा नव्हता, एवढं मी त्यांची मुलगी म्हणून सांगू शकते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते गेले. छातीत कफ भरला, चार दिवस दवाखान्यात होते. शेवटी आवाज पार गेला होता. ओठ हलायचे आणि आम्ही कान जवळ नेऊनही काही कळायचं नाही. त्यांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेरवी झाल्यावर मी आणि माय भांडी आवरत होतो. विनू पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेला होता. माय पितळेचं एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासता घासता म्हणाली, "तुह्यं ते कॉलेजचं पुस्तक हरवलं होतं, तू लय चिडली होती माह्यावर, रद्दीत घातलं म्हणून. ध्यानात हाय का?"

मला आठवत होतं.

"ते त्याईनं नेलं होतं. डब्याच्या पिशवीत घालून प्लांटमंधी न्याचे. जेवणाच्या सुट्टीत धनीरामभाऊ वाचून दाखवे. घरी आले का माह्याजवळ बसून म्हणत. मी पोळ्या लाटून राहिली आन् हे आपले राजाईचे नावं घेऊन राहिले. कलचुरी, कलचुरी. मले हसू ये. मंग म्हणत, हसू नको, चुकते माह्यं. पहिल्यापासून घेतो."

मी विचारलं, किती दिवस?

"दिवस? दोन हिवाळे. म्हणे, एक डाव पक्कं होऊ दे, मंग शकूले घेऊन जातो तिथं आन् बरोब्बर सांगतो. एकदा म्हणले बी तुले, येत्या रविवारी येतं का म्हणून. तू नवी नवी नोकरीले लागली होती. पेपर तपासाचे हायेत म्हणली."

असं मी म्हणाले असेन. मला आठवत नाही. त्या दिवसांत मी पुष्कळ लोकांना ते सांगत असे.

"मंग म्हणाले, आता ध्यानात नाही राहत, राहू दे."

"माय, तू मले कावून नाही सांगितलं?"

"त्याईनं मना केली होती. म्हणे, पोरगी हसन."

त्या दिवशी सगळे हसले होते आणि मी एकटीच हसले नव्हते, असं मला मायला सांगावंसं वाटलं. पण हसले असते तर बरं झालं असतं. मायनं गंज पालथं घातलं, हात पुसले, आणि माझ्याकडे पाहिलं.

"शकू, त्या दिवशी असं झालं काय होतं वं तिथं? मी लय डाव विचारलं त्याईले. एकच सांगत. म्हणे, काही नाही, पोरगी लय छान बोलली."

मी मान खाली घालून भांडी पुसत राहिले. मायला मी ते कधीच सांगितलं नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली.